शितावरून भात

भात शिजला की नाही हे पाहायला सगळे पातेले उपसावे लागत नाही. एक शीत काढायचे, दोन बोटांत दाबायचे आणि सांगून टाकायचे. आपल्या आज्या-पणज्यांचे हे शास्त्र इतके पक्के, की त्याची म्हण झाली आणि ती म्हण स्वयंपाकघरातून बाहेर पडून गावभर हिंडू लागली. मास्तर एका उत्तरावरून पोराचे भविष्य सांगतात, सासूबाई एका पोळीवरून सून जोखतात, आणि आता तर मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब कॉफीच्या एका कपावरून माणूस ओळखू लागले आहेत!

हा शेवटचा प्रकार जरा सविस्तर सांगायला हवा. आपल्यापैकी बरेच जण वर्षा-दोन वर्षांत पदवीचे भेंडोळे काखोटीला मारून मुलाखतीच्या दारात उभे राहणार आहोत. घोडामैदान जवळच आहे.

ऑस्ट्रेलियात ट्रेंट इनेस नावाचे एक अधिकारी होते. हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या झिरो या कंपनीचे ते तिथले प्रमुख. २०१९ साली एका जाहीर संभाषणात त्यांनी आपली युक्ती सांगितली. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला ते आधी कचेरीतल्या स्वयंपाकघराकडे घेऊन जात. पाणी, चहा, कॉफी, जे हवे ते घ्यायला सांगत. पेला हातात घेऊन दोघे परत येत, मुलाखत होई, आणि शेवटी साहेब एकच गोष्ट पाहत : हा माणूस रिकामा पेला स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवायला निघतो, की टेबलावर तसाच सोडून जातो? जो नेतो तो आपला. कौशल्य शिकवता येते, वृत्ती शिकवता येत नाही, असा त्यामागचा विचार.

अमेरिकेतील चार्ल्स श्वाब या कंपनीचे तेव्हाचे मुख्य अधिकारी वॉल्ट बेटिंगर यांची युक्ती आणखी एक पायरी पुढची. २०१६ साली त्यांनी सांगितले, की ते उमेदवाराला न्याहारीला बोलावतात. स्वतः थोडे आधी पोचतात आणि हॉटेलच्या व्यवस्थापकाला हळूच सांगून ठेवतात : माझ्या पाहुण्याने मागवलेले सोडून त्याला मुद्दाम भलतेच काहीतरी आणून द्या. मग वेटर चुकतो, आणि पाहुणा चिडतो, गोंधळतो की समजुतीने घेतो, हे साहेब चहाच्या घोटाबरोबर न्याहाळत बसतात. झॅपोस ही जोडे विकणारी कंपनी लास व्हेगासची. तिचे प्रमुख टोनी शे यांच्या काळात बाहेरगावच्या उमेदवाराला विमानतळावरून आणायला कंपनीची गाडी जाई. दिवसभर मुलाखती होत आणि संध्याकाळी एक प्रश्न गाडीच्या चालकाला विचारला जाई : तुमच्याशी कसा वागला हो हा? चालकाशी उर्मटपणे वागलेल्याला नोकरी मिळत नसे.

आणखी जुनी एक कथा एडिसनची. तो म्हणे उमेदवाराला जेवायला बोलावी आणि सूप चाखण्याआधीच जो त्यात मीठ घाली त्याला नापास करी. हीच कथा हेन्री फोर्डच्या नावावरही सांगतात. म्हणजे ती दंतकथाच समजायची. पण दंतकथा अशी घरोघर फिरते, तेव्हा लोकांना ती खरी असावीशी वाटत असते एवढे नक्की!

साहेब लोक हे करतात याला कारण आहे, आणि ते आपण प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवे. मुलाखतीतली उत्तरे आता पाठ करून येतात. ‘तुमच्यातला एक दुर्गुण सांगा’ म्हटले, की उमेदवार खाली मान घालून म्हणतो, ‘मी जरा जास्तच काम करतो.’ मार्गदर्शकांत छापलेले हे वाक्य टेबलाच्या त्या बाजूच्या लोकांनी शंभर वेळा ऐकलेले असते. मग त्यांनी काय करावे? माणूस बेसावध असताना त्याला पाहावे, असे त्यांना वाटले तर नवल नाही. बेसावध क्षणी मुखवटा गळतो आणि खरा चेहरा दिसतो, हे आपणही एरवी मानतोच. शिवाय या परीक्षांत जे शोधले जाते ते वाईट नाही. आपला पेला आपण उचलावा, वेटरवर खेकसू नये, चालकाशी माणसासारखे बोलावे. यात न पटण्याजोगे काय आहे?

तरीही मला या परीक्षांची धास्ती वाटते. ती का, हे सांगण्यासाठी थोडे घरचे सांगावे लागेल.

माझे वडील एका कचेरीत शिपाई होते. मुलाखतींच्या दिवशी बाकावर बसलेल्यांना पाणी देणे, नावे पुकारणे आणि दार उघडून धरणे हे त्यांचे काम. झॅपोसचे नावही त्यांनी ऐकलेले नव्हते. पण एकदा मुलाखती आटोपल्यावर एका साहेबांनी त्यांना सहज विचारले, “काय मामा, कोणता मुलगा बरा वाटला?” त्या दिवशी आलेल्यांत एक मुलगा चांगल्या इस्त्रीचा होता. पाणी दिल्यावर तो ‘थँक्यू काका’ म्हणाला. त्याने अण्णांचे गाव विचारले, किती वर्षे नोकरी झाली ते विचारले. दुसरा एक होता, पहाटेच्या एस.टी.ने आलेला. त्याचा हात इतका कापत होता, की पेल्यातले निम्मे पाणी सदऱ्यावर सांडले. आभार मानायचे त्याला सुचलेच नाही. अण्णांकडे त्याने वर मान करून पाहिलेही नाही.

अण्णा साहेबांना म्हणाले, “साहेब, एक सोडला तर पोरं सगळी घाबरलेली होती. घाबरलेला माणूस कसा आहे ते नाही कळत. घाबरलाय एवढंच कळतं.”

घरी ही हकीकत सांगताना त्यांनी पुढे जे सांगितले ते माझ्या मनात राहिले. इस्त्रीवाला मुलगा वाईट नव्हता, चांगलाच होता. पण त्याचे वडील स्वतः कुठल्याशा कचेरीत मोठे साहेब होते. शिपाई, बाक, घंटी, लाकडी दार हे त्याने लहानपणापासून पाहिलेले. कचेरीत मोकळेपणाने बोलायला त्याला वेगळे धैर्य लागले नाही. दुसऱ्याच्या बाबतीत त्या दारापर्यंत येऊन बसणे हेच सारे धैर्य खर्चून झालेले होते. त्या दिवशी साहेबांनी अण्णांच्या बोटांनी शीत दाबून पाहायचे ठरवले असते, तर काय कळले असते? कोणाच्या घरात कचेरीची भीती नाही, तेवढेच. सौजन्याच्या पट्टीने मोजायला गेलो आणि मोजली गेली वडिलांची नोकरी, असा तो प्रकार झाला असता.

कपाचेही तसेच. ऑस्ट्रेलियात ज्या कपाचा जो अर्थ, तोच आपल्याकडे असेल असे नाही. आपल्याकडे पाहुणा कपबशी उचलायला लागला, की यजमान अर्ध्यातून उठतो : “अहो राहू द्या, राहू द्या, हे काय!” पाहुण्याने बशी न्हाणीत नेऊन ठेवणे म्हणजे यजमानाच्या घराला कमीपणा. अशा घरात वाढलेला मुलगा साहेबांच्या कचेरीत कप तसाच ठेवून उठला, तर तो आळशी की मर्यादशील?

आणि याहून कडू एक गोष्ट आहे. याच महाराष्ट्रात गावोगावच्या चहाच्या दुकानांत काही जातींसाठी कपबशी निराळी ठेवलेली असे. ज्याने प्यायची त्यानेच ती विसळायची आणि पुन्हा वेगळी ठेवून द्यायची. पाण्याच्या ओंजळीसाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला तो हाच मुलूख. ज्याच्या आजोबांना आपला कप आपणच विसळण्याची सक्ती होती, त्याला बापाने शिकवले असेल : “कप टेबलावर ठेव आणि ताठ मानेने उठ.” तो तसा उठला तर तो कोणत्या परीक्षेत नापास? त्याच्या घराने दोन पिढ्या झगडून जे मिळवले, ते कपाची परीक्षा घेणाऱ्याच्या वहीत दुर्गुण म्हणून लिहिले जाईल!

आम्हां मुलींची तऱ्हा आणखी वेगळी. मुलाखतीतली ही गुप्त परीक्षा ऑस्ट्रेलियातून आली असे कोणी म्हटले तर मला हसू येते. आमच्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ती कितीतरी पिढ्या चालू आहे. ‘जरा चालून दाखव’, ‘सुईत दोरा ओव’ हे उघड प्रश्न झाले. गुप्त प्रश्न निराळेच. बश्या गोळा करायला मुलगी स्वतःहून उठते का, म्हातारीच्या हातातली काठी सटकली तर कोण आधी वाकते, हसताना आवाज किती निघतो. एका तासात जन्माचा निकाल! मुलीच्या हाती सोळाव्या वर्षापासून कप दिलेले असतात, म्हणून मुलाखतीनंतर ती कप उचलेल. तिच्या सख्ख्या भावाच्या हाती कोणी कधी दिले नाहीत, म्हणून तो उचलणार नाही. यात तिची वृत्ती किती आणि आईचा धाक किती, हे सांगू शकणारा साहेब मला पाहायचा आहे. आणि त्या एका कपामुळे नोकरी मिळाली, तर पुढे कचेरीतल्या प्रत्येक बैठकीनंतर कप उचलायला सगळे कोणाकडे पाहतील तेही उघडच आहे.

कोणी म्हणेल, हे तर संस्कारांचे झाले. बेसावध क्षणी माणसाचे मूळ दिसतेच ना? मानसशास्त्राच्या अभ्यासात मला दोन जुने प्रयोग भेटले. त्यांनी या समजुतीलाच धक्का दिला.

पहिला हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकन अभ्यासकांचा. त्यांचा ग्रंथ १९२८ साली निघाला. हजारो शाळकरी मुलांना त्यांनी लबाडी करण्याची संधी मुद्दाम मिळू दिली. आपलाच पेपर आपण तपासताना उत्तर बदलण्याची संधी, खेळात खोटा विक्रम सांगण्याची संधी, हाती आलेले पैसे ठेवून घेण्याची संधी. अपेक्षा अशी, की लबाड मुले सगळीकडे लबाड निघतील आणि प्रामाणिक मुले सगळीकडे प्रामाणिक. तसे झाले नाही. पेपरात लबाडी करणारा मुलगा पैशाच्या बाबतीत चोख असू शके. खेळात खरे बोलणारी मुलगी वर्गात नक्कल करताना सापडे. एका प्रसंगावरून दुसऱ्याचा अंदाज फारसा बांधता येत नव्हता.

दुसरा प्रयोग डार्ली आणि बॅटसन यांचा, १९७३ साली प्रसिद्ध झालेला. प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे ४० विद्यार्थी त्यात होते. त्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस दारापाशी कोसळल्यासारखा, कण्हत-खोकत बसलेला. अर्थात मुद्दाम बसवलेला. ज्यांना ‘वेळ आहे, सावकाश जा’ असे सांगितले होते, त्यांतले १०० पैकी ६३ या प्रमाणात थांबले. ‘वेळेवर निघा’ असे सांगितलेल्यांत हे प्रमाण ४५ होते. ‘उशीर झालाय, पळा’ असे सांगितलेल्यांत अवघे १०. गंमत अशी, की त्यांतल्या निम्म्यांना भाषण द्यायचे होते ते वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या बायबलमधल्या सज्जनावर! एकच विद्यालय, एकच धर्मग्रंथ, एकच ध्येय. फरक पडला तो घड्याळाने.

इथे आपल्या म्हणीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. एका शितावरून भात का कळतो? कारण पातेल्यातली सगळी शिते एकाच वेळी घातलेली, एकाच पाण्यात, एकाच आचेवर असतात. माणसाचे दिवस असे एका आचेवर शिजत नाहीत. कालचा शांत, आजचा घाईचा, उद्याचा भीतीचा. मुलाखतीचा दिवस तर सगळ्यांत कडक आचेचा. त्या दिवशी काढलेले शीत कच्चे निघाले काय किंवा करपले काय, बाकीच्या पातेल्याविषयी ते फार थोडे सांगते.

याला जोडून एक हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत रेथिऑन नावाची शस्त्रास्त्रे बनवणारी कंपनी होती. तिचे प्रमुख विल्यम स्वॉन्सन यांनी व्यवस्थापनाच्या अलिखित नियमांची एक पुस्तिका काढली. तीतला एक नियम गाजला : तुमच्याशी गोड पण वेटरशी उर्मट वागणारा माणूस भला नव्हे. कोणाला पारखायचे तर त्याला हॉटेलात न्यावे, असे मग इतर साहेबही सांगू लागले. २००६ साली उघड झाले, की पुस्तिकेतले बरेच नियम डब्ल्यू. जे. किंग यांच्या १९४४ सालच्या अभियंत्यांसाठीच्या एका पुस्तकातून जवळजवळ जसेच्या तसे उतरले होते. आणि वेटरचा तो नियमही डेव्ह बॅरी या विनोदी लेखकाने आधीच लिहून ठेवलेला! संचालक मंडळाने त्या वर्षीची त्यांची पगारवाढ रोखली आणि समभागांच्या रूपाने मिळणारा मोबदला कमी केला. पदावर मात्र ते पुढे २०१४ पर्यंत राहिले.

स्वॉन्सन यांना पदावरून काढायला हवे होते, असे मी म्हणत नाही. मंडळाने त्यांची अनेक वर्षांची कामगिरी पाहिली, एक चूक बाजूला काढून तिची शिक्षा दिली आणि बाकीचा माणूस ठेवून घेतला. हे शहाणपणाचेच झाले. माझे म्हणणे इतकेच, की साहेबाला पातेल्यावरून तोलले आणि उमेदवाराला शितावरून तोलतात. वेटरवर एकदा चिडलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी सांगण्याची संधी कोण देतो, की काल माझी आई दवाखान्यात होती?

गुप्त परीक्षेचा खरा दोष मला इथे दिसतो. जी परीक्षा झाली हे आपल्याला कळतच नाही, तिच्या निकालावर दादही मागता येत नाही. लेखी पेपर पुन्हा तपासून घेता येतो. कपाचा पेपर कोणाकडे मागायचा? या बाबतीत आपल्याकडे एक खटला महत्त्वाचा झाला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांबद्दल तो सर्वोच्च न्यायालयात गेला. अजय हसिया खटला या नावाने तो ओळखला जातो आणि निकाल १९८० चा. तिथे लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. उमेदवारांची तक्रार अशी, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि प्रश्न विचारले ते आईवडिलांचे व राहण्याच्या ठिकाणाचे. न्यायालयाने तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरवले. एवढेच नव्हे, तर मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे पुढे पुरावा राहील, असेही सुचवले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्या खालच्या गटांतल्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत ती आहे, पण २०२५ गुणांपैकी २७५ गुणांची. म्हणजे मुलाखत हवी, पण तिच्या हाती सगळी दोरी नको, असा हा व्यवहार आहे. खाजगी नोकरीच्या दारात मात्र कप १५ टक्क्यांचा की १०० टक्क्यांचा, हे साहेबांच्या मर्जीवर.

मग चारित्र्य पाहूच नये का? पाहावे. पण कसे, ते सांगणारी एक गोष्ट त्याच बेटिंगर साहेबांच्या आयुष्यात आहे आणि ती त्यांनीच सांगितली आहे. ते महाविद्यालयात शिकत होते. व्यवसायातील रणनीतीच्या विषयाचा शेवटचा पेपर. तोवर सगळ्या विषयांत अव्वल गुण. प्राध्यापकांनी प्रत्येकाला एक कोरा कागद दिला आणि एकच प्रश्न घातला : ही इमारत झाडणाऱ्या बाईंचे नाव काय? बेटिंगर यांना आले नाही. बाईंचे नाव होते डॉटी. गुण घसरले आणि ते घसरायलाच हवे होते, असे ते अजून मानतात.

हीसुद्धा अचानक घातलेली परीक्षाच होती. पण तिच्यात आणि हॉटेलातल्या परीक्षेत मला मोठा फरक दिसतो. पहिला असा, की हा प्रश्न कागदावर उघड विचारला, आणि चुकलेल्याला आपण काय चुकलो ते कळले. म्हणून तो शिकला. दुसरा असा, की त्या नावाला घाई नव्हती, भीती नव्हती. ते विचारायला सगळे सत्र पडलेले होते. ते एक शीत नव्हते, कितीतरी महिन्यांचा भात होता. आणि तिसरा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. हा प्रश्न घालण्यासाठी प्राध्यापकांना ते नाव आधी स्वतःला माहीत असावे लागले. परीक्षकाने आधी आपला पेपर लिहिला, मग दुसऱ्याला दिला. हॉटेलात वेटरला मुद्दाम चुकायला लावणाऱ्याने आपला पेपर कुठे लिहिला? त्याच्या कटात वेटर सामील, व्यवस्थापक सामील. फसवला गेला तो एकटा नोकरी मागायला आलेला. प्रामाणिकपणा शोधायला निघालेल्याने पहिले पाऊल खोट्याचे टाकावे, हे काही बरोबर दिसत नाही.

तेव्हा मुलाखतीला जाल तेव्हा कप अवश्य उचला. दारावरच्या शिपायाला नमस्कार करा. तो कोणाचा तरी बाप असतो आणि बहुधा तुमच्या परीक्षकापेक्षा माणसे अधिक पाहिलेला असतो. पण कप उचलताना कोणी पाहते आहे का म्हणून उचलू नका, आणि घाबरून उचलायचा राहिला तर आपण वाईट माणूस आहोत असे समजून घरी येऊ नका. उद्या आपल्यापैकी कोणी टेबलाच्या त्या बाजूला बसेल. त्याला माझे एकच सांगणे आहे. तुमच्या कचेरीत ज्याचा कप त्याने विसळायचा असेल, तर मोरीवर तशी पाटी लावा. नवा माणूस रुजू होईल त्या दिवशी त्याला ती पाटी दाखवा, आणि तुमचा स्वतःचा कप त्याच्यासमोर विसळा. सहा महिन्यांनी पाहा, तो काय करतो ते. तोवर भात पुरता शिजलेला असेल.